आधार आहे, गॅस आहे, टॅक्स भरतो, मग मत का नाही? नागरिक नसलेल्या रहिवाशांच्या मतदानाबद्दल सविस्तर

भाऊ, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू लीसेस्टरला शिकायला आहेस, जुलै २०२४ च्या ब्रिटनच्या निवडणुकीत तू भारतीय पासपोर्टवर रीतसर मतदान केलंस. आणि इकडे जळगावात तुमच्या अपार्टमेंटचा नेपाळी वॉचमन, वीस वर्षं झाली इथे आहे, बायको इथलीच, पोरं इथल्याच शाळेत मराठीतून शिकली, त्याला मात्र मत नाही. हे बरोबर आहे का, आणि जे लोक कायमचे इथेच राहतात पण नागरिक नाहीत त्यांना मतदानाचा हक्क द्यावा का, असं तू विचारलंय.

मी महसूल खात्यातून रिटायर झालो, नोकरीतली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली, मतदार याद्या, बीएलओंची (घरोघरी जाऊन मतदार यादीचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची) ट्रेनिंगं, हरकतींच्या सुनावण्या हे सगळं हाताखालून गेलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकसभा आणि विधानसभेचं मत नागरिकालाच असावं. पण मग जो माणूस इथे आयुष्य काढतोय त्याला नागरिक होण्याचा रस्ता खरोखर चालता यावा, अर्ज टाकून वर्षानुवर्षं वाट बघायला लावायची आणि वरून म्हणायचं की तू नागरिक नाहीस म्हणून तुला मत नाही, हे मला अजिबात पटत नाही. भांडायचंच असेल तर त्या रस्त्यासाठी भांडा असं माझं म्हणणं आहे, आणि का ते खाली लिहितो, थोडं लांबेल.

आधी कायदा. आपल्या राज्यघटनेचं कलम ३२६ सांगतं की लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक प्रौढ मतदानाने होईल, म्हणजे जो भारताचा नागरिक आहे आणि १८ वर्षांचा आहे त्याला मत (आधी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर १९८९ पासून १८ झालं). १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ म्हणतं की नागरिक नसलेल्याचं नाव यादीत येऊ शकत नाही, आणि कलम १९ म्हणतं की त्या मतदारसंघात तो सर्वसाधारणपणे राहणारा पाहिजे. म्हणजे दोन अटी आहेत, नागरिकत्व आणि रहिवास, आणि दोन्ही लागतात. लोक एक पकडतात आणि दुसरी सोडतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्यासाठी आपल्याकडे वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागाप्रमाणे फोडतात, त्यामुळे जो विधानसभेला नाही तो सरपंचालाही नाही.

आता तुझ्या लीसेस्टरच्या मताचं. तुला असं वाटलंय की ब्रिटन रहिवाशांना मत देतं. तसं नाहीये. तुला मत मिळालं कारण तू कॉमनवेल्थ देशाचा नागरिक आहेस, त्यांच्या १९८३ च्या कायद्यात कॉमनवेल्थ आणि आयर्लंडच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत आहे, हे जुन्या साम्राज्याचं शिल्लक राहिलेलं नातं आहे. तुझ्याच गल्लीत एखादा जर्मन किंवा फ्रेंच माणूस तीस वर्षं राहत असेल, टॅक्स भरत असेल, तर त्याला तिथे खासदार निवडता येत नाही, आणि तू तेव्हा नुकताच स्टुडंट व्हिसावर गेलेला, तुला येतं. म्हणजे राहण्यावर मत हा नियम तिथेही नाही. फक्त स्कॉटलंड आणि वेल्सने गेल्या काही वर्षांत आपापल्या संसदेसाठी आणि स्थानिक निवडणुकांसाठी सगळ्या देशांच्या कायदेशीर रहिवाशांना मत दिलं, ते खरं रहिवासावरचं मत.

जगात याचे बरेच प्रकार आहेत, आणि लोक दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगतात म्हणून जरा नीट बघू. न्यूझीलंडमध्ये कायमस्वरूपी रहिवाशाला १९७५ पासून थेट संसदेच्या निवडणुकीत मत आहे, एक वर्ष तिथे राहिलेला पाहिजे बस. उरुग्वेत १५ वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला मत देता येतं. पण असे देश बोटावर मोजण्याइतके. जास्त देश असे आहेत की संसदेला नाही पण गावपातळीवर हो. आयर्लंड १९६३ पासून, स्वीडनमध्ये १९७६ च्या निवडणुकीपासून, मग डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स. युरोपियन युनियनमध्ये १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारानंतर एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर नगरपालिकेला मत आहे. आशियात दक्षिण कोरियाने २००५ मध्ये कायदा केला, तिथला कायम निवासाचा व्हिसा मिळून तीन वर्षं झालेला परदेशी माणूस स्थानिक निवडणुकीत मत देतो. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल प्रांताने तर १८४९ मध्येच परदेशी लोकांना गावच्या कारभारात मत दिलं होतं.

आणि उलट बाजू पण आहे. जर्मनीत हॅम्बर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या दोन राज्यांनी परदेशी लोकांना स्थानिक मत द्यायचे कायदे केले, ते तिथल्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० ला रद्द केले, म्हणाले की सत्ता ज्या जनतेकडून येते ती जनता म्हणजे जर्मन नागरिक. लक्झेंबर्गमध्ये जवळजवळ अर्धे रहिवासी परदेशी, तिथे २०१५ मध्ये सार्वमत घेतलं की दहा वर्षं राहिलेल्यांना संसदेला मत द्यायचं का, ७८ टक्के लोकांनी नाही म्हटलं. न्यूयॉर्क शहराने ग्रीनकार्डवाले आणि वर्क परमिटवाले अशा सुमारे ८ लाख लोकांना शहराच्या निवडणुकीत मत द्यायचा कायदा केला होता, तो मार्च २०२५ मध्ये त्यांच्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने रद्द केला. गंमत अशी की अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात कितीतरी राज्यांत नागरिक नसलेले गोरे पुरुष मत देत होते, शेवटचं राज्य आर्कान्सा, तिथे १९२६ ला हे बंद झालं. तेव्हा बाहेरच्यांना मत होतं आणि त्याच देशात बायकांना आणि काळ्या नागरिकांना नव्हतं, हे पण लक्षात ठेव.

म्हणजे जगाचं एकमत वगैरे काही नाही, आपल्याला आपलंच बघावं लागेल.

तुझा मुख्य मुद्दा होता की तो टॅक्स भरतो. बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी त्याचाही कापला जातो हे खरंच आहे. पण टॅक्सवर मत मोजायला लागलो तर आपण कुठे जातो ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ च्या निवडणुका झाल्या तेव्हा मत होतं ते जमीन महसूल भरणाऱ्याला, घरपट्टीवाल्याला, शिकलेल्याला, लोकसंख्येच्या जेमतेम १०-१४ टक्के लोकांना. पाटलाला मत होतं, सावकाराला होतं, आणि त्यांच्या शेतात राबणाऱ्या भिल्ल सालदाराला नव्हतं, त्याच्या बायकोचा तर विषयच नव्हता. त्या निवडणुकीच्या तोंडावर डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष, आणि तिथल्या ठरावात म्हटलंय की घटना बनवणारी सभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली पाहिजे. यावल तालुक्यातल्या त्या गावात ही मागणी झालीय, मला याचं फार अप्रूप आहे. त्यामागचा विचार हा होता की मत हे काही भरलेल्या पैशाची पावती नाही, तू या देशाचा आहेस म्हणून तुला मत, खिसा रिकामा असला तरी. त्यामुळे जो टॅक्सचा मुद्दा आज तू गरीब वॉचमनच्या बाजूने मांडतोस, तोच उद्या कोणीतरी उलटा फिरवेल की जो टॅक्स भरत नाही त्याचं मत काढा. असे मेसेज फिरतातच व्हॉट्सॲपवर, बघतोस ना. म्हणून टॅक्सचा मुद्दा मी धरत नाही.

दुसऱ्या बाजूने लोक सोसायटीचं उदाहरण देतात, भाडेकरू मेंटेनन्स भरतो पण मीटिंगमध्ये मत मालकाचंच. मला हेही पटत नाही. देश ही काही आपल्यापैकी कोणाच्या नावावरची प्रॉपर्टी नाही, आणि भाडेकरूला परत जायला दुसरं घर असतं, तुमच्या वॉचमनच्या पोरांना कुठलं आहे, नेपाळातलं गाव त्यांनी लग्नकार्याला गेले तेव्हाच पाहिलं असेल.

मग माझा विरोध कशावर आहे, तर तो मी कामात जे पाहिलं त्यावर आहे. मत मोकळं पाहिजे. मतदान गुप्त ठेवलंय, केंद्रात मोबाईल बंद, एजंटला कंपार्टमेंटपाशी फिरकू देत नाही, हे सगळं कशासाठी, तर माणसाला भीती नको म्हणून. आता ज्या माणसाचं इथे राहणंच दुसऱ्याच्या हातात आहे त्याचं मत मोकळं कसं राहील? जळगावात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत, एलटीव्हीवर म्हणजे लाँग टर्म व्हिसावर राहतात, दुकानं आहेत, पोरं शिकतात. त्यांचा व्हिसा मुदतीला रिन्यू करावा लागतो, पोलिसांचा रिपोर्ट जातो, गाव सोडून जायचं तर परवानगीचा प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द केल्याची बातमी आली, आणि हिंदू लोकांचे दिलेले एलटीव्ही चालू राहतील हे सरकारने सांगेपर्यंत त्या घरांमध्ये काय अवस्था असेल याचा विचार कर. अशा माणसाला समज उद्या नगरसेवकाचं मत दिलं. रिपोर्टसाठी ज्याच्या ओळखीची गरज लागते तो पुढारी दारात येऊन उभा राहिला की हा नाही कसं म्हणणार? वॉचमनचंही तेच, खोली सोसायटीची, पगार सेक्रेटरीच्या हातात, आणि वरून परदेशी म्हणून मनात धाकधूक. आपल्या स्वतःच्या नागरिक मजुरांवर मुकादमाचा, मालकाचा दबाव येतो, पण त्यांना निदान कोणी देशाबाहेर काढायची धमकी देऊ शकत नाही.

न्यूझीलंडचं मत मला म्हणूनच चुकीचं वाटत नाही, कारण तिथे ज्याला कायमचा रहिवास दिला त्याचं राहणं पक्कं आहे. आपल्याकडे सामान्य माणसासाठी असा मधला पक्का दर्जा जवळजवळ नाहीच. एक तर नागरिक, नाहीतर व्हिसा. ओसीआय कार्ड आहे, पण ते परदेशात स्थायिक झालेल्या आपल्याच मूळच्या लोकांसाठी, आणि त्यांनाही कायद्याने मत नाही. नेपाळचं वेगळं आहे, १९५० च्या करारामुळे त्यांना इथे राहायला, काम करायला, मालमत्ता घ्यायला मोकळीक आहे, व्हिसा लागत नाही, पण मताचा हक्क त्या करारात नाही. तेव्हा आधी राहणं पक्कं करा मग मत द्या, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या कायद्यात राहणं पक्कं करायचा मार्ग म्हणजे नागरिकत्व.

अजून एक, न्यूझीलंडला चारी बाजूंनी समुद्र. आपली नेपाळची हद्द १७५१ किलोमीटर आणि उघडी, बांगलादेशची ४०९६ किलोमीटर. फक्त राहण्यावर मत ठेवलं तर कोण किती दिवस राहतोय हे ठरवायचं कोणी, तर शेवटी बीएलओने, म्हणजे एखाद्या शिक्षकाने किंवा अंगणवाडी ताईने. त्या ताईवर असलं ओझं टाकू नका, तिला आत्ताचंच झेपत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलायची आहे ती ही की हा वाद आपल्याकडे पेटतो तेव्हा होरपळतो तो आपलाच नागरिक. कसं ते सांगतो. नमुना ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, भरताना वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा लागतो, आणि नागरिकत्वाबद्दल अर्जदार स्वतः घोषणा करतो की मी भारताचा नागरिक आहे. नेहमीच्या नोंदणीत नागरिकत्वाचा वेगळा कागद मागत नाहीत, आणि मागायचा म्हटलं तरी कोणता मागणार? आधार कायद्यातच लिहिलंय, कलम ९, की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, ते आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या कोणालाही मिळतं. रेशनकार्ड पण नागरिकत्व सांगत नाही. जन्मदाखला असला तरी १ जुलै १९८७ पासून इथे जन्मलेल्याला आई किंवा बाप नागरिक असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याला दोघंही नागरिक, नाहीतर एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आता धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावर जा आणि एखाद्या पावरा आदिवासी म्हातारीला म्हण आई तुमचा जन्मदाखला दाखवा. किंवा चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याला बडवाणीकडून येऊन दोन पिढ्या केळीच्या आणि कापसाच्या शेतात राबणारी कुटुंबं आहेत, त्यांना विचार तुमच्या बापाचा जन्म कुठे झाला. पिढ्यानपिढ्या याच डोंगरातले लोक, एकानेही कधी सरहद्द ओलांडली नाही, राज्याची ओलांडली असेल ती सुद्धा ब्रिटिशांनी आणि नंतर १९५६, १९६० ला आपण आखलेली.

तसेच जळगावच्या सराफ बाजारातले बंगाली कारागीर. पश्चिम बंगालचे, पक्के भारतीय, पण भाषा ऐकली की लोक संशय घेतात. यादीवर नमुना ७ ने हरकत कोणीही मतदार घेऊ शकतो, आणि काही वेळा हरकतींचे गठ्ठे येतात, एकाच हस्ताक्षरातले, एकाच मोहल्ल्यातल्या नावांवर. अशा वेळी सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा लाल बाबू हुसेनचा निकाल मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगायचो. त्यात कोर्टाने म्हटलंय की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे ते तपासूनच घातलं होतं असं धरायचं, त्याला संशय कशामुळे आला ते कळवायचं, बाजू मांडायची पुरेशी संधी द्यायची, आणि त्याने आणलेला प्रत्येक पुरावा बघायचा, अमुकच कागद पाहिजे म्हणून अडून बसायचं नाही. नुसत्या पोलिसांच्या रिपोर्टवर एखाद्याचं नाव उडवता येत नाही. हे सगळ्यांनी पाठ करून ठेवण्यासारखं आहे. २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार यादीची विशेष फेरतपासणी झाली, मसुदा यादीतच सुमारे ६५ लाख नावं कमी झाली, मयत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं दिली, आणि आधार ओळखीसाठी चालेल हे सुद्धा शेवटी कोर्टाला सांगावं लागलं. यादी स्वच्छ पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही, आयुष्य त्यातच गेलं. पण एका परक्याचं नाव राहून गेलं तर जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा दहा नागरिकांची नावं गेली तर जास्त होतं, असं मी मानतो आणि ठामपणे मानतो.

आणि ज्यांचं नाव यादीत आहे त्यांचं तरी काय. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, ऊसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू. नंदुरबार, साक्री, चाळीसगाव भागातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात, गुजरातमध्ये बारडोलीकडे, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कोयता घेऊन गेलेला माणूस मतदानाला परत येणार कशाने, उचल घेतलेली, मुकादम सोडत नाही, सोडलं तर भाडं कोण देणार. कायद्याने त्याचं मत गावातच आहे, तात्पुरता बाहेर गेल्याने रहिवास जात नाही हे कलम २० मध्ये स्पष्ट आहे, बीएलओने स्थलांतरित म्हणून त्याला कापायला नको. पण हक्क असून बटण दाबता येत नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट मतदान यंत्राची, म्हणजे माणूस जिथे आहे तिथूनच आपल्या मतदारसंघाचं मत देईल अशी, कल्पना मांडली होती, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ, पक्षांना दाखवायलाही बोलावलं, ते पुढे सरकलं नाही. नागरिक नसलेल्यांच्या मतावर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा होते आणि या लाखो नागरिकांच्या मताबद्दल कोणी पंधरा मिनिटं बोलत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

याउलट जे कायमचे सुरतेला गेले त्यांचं बघ. लिंबायत, उधना भागात आपली किती माणसं, तिथली यादी उघडली की पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे. त्यांनी नाव तिकडे नेलं, तिथलेच मतदार झाले, आणि जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले, २०१९ ला तर ६ लाख ८९ हजारांचं मताधिक्य होतं. राज्य वेगळं, भाषा वेगळी, पण नागरिकत्व एक आहे म्हणून गुजरातने त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही इथले कधीपासून. पण हे सुद्धा गृहीत धरू नकोस. १९४७ ला पश्चिम पाकिस्तानातून जम्मूत आलेले निर्वासित भारताचे नागरिक होते, लोकसभेला मत देत होते, आणि राज्याचे कायम रहिवासी नाहीत म्हणून विधानसभेला त्यांना मत नव्हतं. तीन पिढ्या गेल्या, २०१९ नंतर नियम बदलला आणि २०२४ ला त्यांनी विधानसभेचं पहिलं मत दिलं. आणि श्रीलंकेने १९४८ ला नागरिकत्वाचा कायदा असा केला की चहाच्या मळ्यातले सुमारे ७ लाख भारतीय तमिळ बिननागरिक झाले, आणि त्यापाठोपाठ त्यांचं मतही गेलं, ते निस्तरायला २००३ उजाडलं. नागरिकालाच मत म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे विसरून चालणार नाही, कारण नागरिक कोण हे ठरवणारा कायदा अन्यायाचा असेल तर मताचा नियम कितीही सरळ असला तरी अन्यायच होतो.

म्हणून मी जे करावं म्हणतो ते असं. नागरिकत्वाच्या अर्जाला कालमर्यादा पाहिजे. कायद्यात बारा वर्षांचा रहिवास सांगितलाय, म्हणजे अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं, ठीक आहे, तेवढं राहिल्यावर अर्ज केला तर ठरावीक मुदतीत हो किंवा नाही सांगा आणि नाही म्हटलं तर कारण लेखी द्या. सीएएखाली, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली, पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहा धर्मांच्या लोकांना, जे ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आले, पाच वर्षांची अट केली, मार्च २०२४ ला नियम आले, जिल्हा पातळीवर पोस्टाच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली समिती, अर्ज ऑनलाइन. एका गटासाठी प्रक्रिया सोपी करता येते हे सरकारनेच दाखवलं, मग तशी सोपी प्रक्रिया बाकीच्यांना, धर्म न बघता, का नको? करायचं मनात असलं की होतं. २०१५ मध्ये बांगलादेशाशी छिटमहलांची, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या वस्त्यांची, अदलाबदल झाली, ३१ जुलैच्या मध्यरात्री ५१ छिटमहल भारतात आले, तिथे पिढ्यानपिढ्या कोणत्याच देशाचं सरकार न पोचलेले लोक होते, त्यांना नागरिकत्व मिळालं आणि २०१६ च्या बंगाल विधानसभेला ते मतदान करून आले. वर्षभराच्या आत झालं ना.

गावपातळीबद्दल मी थोडा मोकळा आहे. कलम ३२६ लोकसभा-विधानसभेबद्दल बोलतं. पाणी, गटार, शाळा, कचरा यावर दहा-बारा वर्षं राहिलेल्या माणसाचं म्हणणं मोजायला काय हरकत आहे. पण ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात मतदार काही शेकड्यांनी असतात, चार-पाच मतांनी निकाल फिरतो, समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात, तिथे वेगळी यादी, तिचे वेगळे नियम, तिच्या हरकती, हे सगळं आधी उभं करावं लागेल आणि राहणं पक्कं केल्याशिवाय तिथेही दबावाचा प्रश्न आहेच. शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करता येईल, तिथे पालक म्हणून बसायला आजही मतदार यादी लागत नाही, नागरिक नसलेल्या पालकाला तिथे बोलवा, बोलू द्या.

आता तुमच्या वॉचमनसाठी कामाचं. पहिली गोष्ट, आधार आहे म्हणून कोणी कार्यकर्ता त्याचा नमुना ६ भरून देत असेल तर भरू देऊ नका. खोटी घोषणा म्हणून १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, कार्यकर्ता नामानिराळा राहतो, अडकतो हा, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात हेच आडवं येऊ शकतं. नाव आधीच लागलेलं असेल तर निवडणुकीची वाट न बघता तहसीलच्या निवडणूक शाखेत जाऊन स्वतःहून वगळायला सांगा.

दुसरी, बायको इथलीच आहे असं तू लिहिलंस. ती भारतीय नागरिक असेल तर नागरिकाशी लग्न झालेला आणि सात वर्षं इथे राहिलेला म्हणून त्याला कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्व मागता येतं, ते बारा वर्षांच्या रस्त्यापेक्षा सोपं आहे. अर्ज गृहखात्याच्या पोर्टलवर भरायचा, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, चौकशी पोलिसांकडून. नेपाळी नागरिकत्व सोडावं लागेल हे त्याला आधी नीट समजावून सांगा, तिकडे जमीन असेल तर त्याला तो विचार करावा लागेल. वीस वर्षांचा रहिवास दाखवायला जुने भाडेकरार, पगाराच्या पावत्या, बँक पासबुक, पोरांचे शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, काय असेल ते सगळं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावायला लागा. कागद फेकून दिलेले असतील तर शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो.

तिसरी आणि महत्त्वाची, पोरांचं. आई भारतीय नागरिक असेल, बाप नेपाळहून कायदेशीर आलेला असेल आणि पोरं इथे जन्मलेली असतील तर ती जन्मानेच भारतीय नागरिक आहेत, २००४ नंतरची असली तरी. त्यांना कोणाकडे मागायला जायची गरज नाही. अठरा पूर्ण झाले की नमुना ६ भरायचा, आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही.

आणि तू स्वतः, तिकडे मतदान केल्याने तुझ्या भारतीय नागरिकत्वाला काही होत नाही, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तरच जातं. नमुना ६अ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचा मतदार अर्ज, भर, पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे त्याच मतदारसंघात नाव लागेल, फक्त मतदानाला प्रत्यक्ष यावं लागेल, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन. वॉचमनच्या मोठ्या मुलीचं वय आणि तिच्या आईकडे कोणते कागद आहेत एवढं मला कळव, तिचा अर्ज कसा भरायचा ते सांगतो.